पोशिंदा कोण?

‘पोशिंदा’ हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या आदरानें उच्चारिला जातो. शेतकरी जगाचा पोशिंदा, कर्ता पुरुष घराचा पोशिंदा, धनी जनावरांचा पोशिंदा. या आदरास आमची हरकत नाहीं. परंतु त्या शब्दाच्या पोटांत एक दावा दडलेला असतो, आणि तो तितकासा निर्मळ नाहीं. जो पोसतो त्याचा शब्द अखेरचा; जो पोसला जातो त्यानें गप्प बसावें. ‘माझ्या जिवावर जेवतां’ हें वाक्य ज्या घरांत एकदां उच्चारलें गेलें, तेथील अन्नाची चव पुढें कित्येक वर्षें बिघडलेली राहते. हा दावा कितपत टिकतो, याचा विचार येथें एका शेळीच्या आणि समुद्रतळावरील एका कृमीच्या आधारानें करावयाचा आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील ढोकी हें गांव तेरणा साखर कारखान्यामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. त्या टापूचें दुसरें धन म्हणजे उस्मानाबादी शेळी: बहुधा काळीभोर, काटक, दुष्काळास न डगमगणारी. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचें वाळकें गवत, जें मिळेल त्यावर ती निभावते. धनी म्हणतो, मी शेळी पोसतों. शेळीही आपलें पोट आपण भरते असेंच आपणांस दिसतें. वस्तुतः पाल्यांतील काष्ठतंतु पचविणारा रस तिच्या शरीरांत उत्पन्नच होत नाहीं. तें काम तिच्या कोटीपोटांतील अब्जावधि सूक्ष्म जंतु करतात. ते चारा आंबवितात, आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लांवर शेळीची बहुतेक शक्ति चालते. सावलींत बसून रवंथ करणारी शेळी खरोखर पंगत वाढीत असते.

शेळीला निदान तोंड आणि आंतडें तरी आहे. समुद्राच्या तळाशीं ही गोष्ट याच्याही पलीकडे गेलेली आढळते. १९७७ सालीं पॅसिफिक महासागरांत, गॅलापागोस बेटांजवळ, ‘अल्विन’ नांवाच्या पाणबुडींतून कांहीं भूशास्त्रज्ञ सुमारें अडीच हजार मीटर खोल उतरले. ते उष्ण झरे शोधावयास गेले होते. सांपडली ती प्राण्यांची दाट वस्ती. त्यांत पांढऱ्या नळींत राहून तांबडा तुरा बाहेर काढणारे, दोन मीटरपर्यंत वाढणारे कृमि होते. या कृमीस वाढ झाल्यावर तोंड नसतें, आंतडें नसतें. मग तो जगतो कशावर? हार्वर्ड विद्यापीठांत शिकणाऱ्या कॉलीन कॅव्हॅनॉ या विद्यार्थिनीनें, कृमीच्या शरीरांत गंधकाचे स्फटिक आढळल्याचें एका व्याख्यानांत ऐकतांच, तेथल्या तेथें उत्तर सुचविलें. १९८१ सालीं तें पुराव्यासह प्रसिद्ध झालें. आंतड्याऐवजीं कृमीच्या अंगांत एक मऊ पिंड असतो व तो जंतूंनीं भरलेला असतो. झऱ्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु येतो. त्याचा प्राणवायूशीं संयोग घडवून जी शक्ति मिळते, तिच्यावर हे जंतु कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवितात. हिरवें पान उन्हावर जें करतें, तें येथें गंधकावर चालतें.

यजमानही रिकामा बसत नाहीं. कृमीच्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायु व हें विष दोन्ही एकाच वेळीं, एकमेकांस लागूं न देतां, आंत पोंचवितें. आपल्या हिंदी महासागरांतील उदाहरण तर याहूनही बोलकें आहे. मॉरिशसच्या आग्नेयेस अशाच झऱ्यांपाशीं २००१ सालीं एक गोगलगाय सांपडली. तिच्या पायावर लोह-गंधकाचे खवले असतात आणि अन्ननलिकेच्या फुगलेल्या ग्रंथींत जंतु असतात. तिचें हृदय शरीराच्या सुमारें ४ टक्के भरतें! एवढें हृदय या मंद जिवास कशाला? शरीररचनेच्या अभ्यासकांचें मत असें कीं, तें मुख्यतः आंतील बिऱ्हाडकरूंस प्राणवायु पुरविण्यासाठीं. (समुद्रतळावरील धातूंसाठीं खाणी निघण्याच्या भयानें २०१९ सालीं ही गोगलगाय संकटग्रस्त ठरली. तिच्या घराखालीं मौल्यवान धातु आहेत, एवढाच तिचा अपराध.)

हें वाचून कोणास परस्परप्रेमाचें प्रवचन सुचेल. क्रोपॉट्किननें १९०२ सालीं परस्परसाह्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून निसर्गास या बाजूचा साक्षीदार म्हणून उभें करण्याची प्रथाच पडली आहे. पण साक्षीदार बोलाविला म्हणजे त्याची उलटतपासणीही आली. कृमि आपल्या जंतूंस पोसतो आणि शेवटीं पचवितो. शेळीही तेंच करते. कोटीपोटांतून पुढें सरकलेले जंतु हेंच तिचें मुख्य मांसवर्धक अन्न. तेव्हां धनी कृमिच, असें म्हणावें, तर दुसरी बाजू निघते. कृमीचें पिल्लूं जंतूंवांचून जन्मतें. समुद्रांत मोकळे असलेले जंतु त्याच्या त्वचेंतून आंत शिरले तरच त्याचा निभाव. उलट कृमि मेला म्हणजे उरलेले जंतु त्याच्या शरीरांतून निसटून पुन्हां समुद्रांत जातात, हें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें. जंतूंस कृमीवांचून राहतां येतें. कृमीस जंतूंवांचून येत नाहीं.

बरें, मूळ पोशिंदे जंतु म्हणावे, तर तेही नव्हेत. हे जीव सूर्यावर मुळींच अवलंबून नाहींत, असें प्रथम मोठ्या कौतुकानें सांगितलें गेलें. पण गंधक जाळण्यास जो प्राणवायु लागतो, तो वर उन्हांत वाढणाऱ्या वनस्पतींनींच निर्माण केलेला असतो. तैत्तिरीय उपनिषदांतील ऋषि स्वतःस अन्नही म्हणवितो आणि अन्नाचा भोक्ताही. त्या उद्गाराचा अर्थ समुद्रतळाशीं इतका अक्षरशः लागेल असें कोणास वाटलें असेल?

आतां घराकडे वळूं. मिळवत्या माणसाचे कष्ट खोटे आहेत असें कोण म्हणेल? त्यांबद्दल घरानें कृतज्ञ असावें हेंही रास्त. परंतु त्याच्या हातून अन्न घरांत येतें एवढ्यावरून तें त्याच्यापासून उत्पन्न झालें असें होत नाहीं. त्याला लहानाचा मोठा ज्यांनीं केला, त्याची सकाळ जी सांभाळते, त्यांचा हिशेब त्याच्या वहींत नसतो. आणि हुकमाचा अधिकार पोसण्यांतून येत असता, तर कृमि व जंतु दोघांसही तो सारखाच सांगतां आला असता. घरांत तो एकालाच सांगतां येतो, याचें कारण निराळें आहे. पत्नीस जाण्यास दुसरी जागा नसते, म्हाताऱ्या बापास बळ नसतें. दाव्याचें सारें वजन त्या अगतिकतेंत आहे. अन्न हें केवळ निमित्त.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा जो कायदा २००७ सालीं झाला, त्यानें हा क्रम उलटा लाविला. तेथें पोसला जाणारा हक्कानें अर्ज करतो, आणि उत्तर देण्यास उभा राहतो तो पोशिंदा. कित्येक सुशिक्षित कर्त्या पुरुषांस यांत अपमान वाटतो. ढोकीकडच्या शेळीवाल्यास तो कदाचित् वाटणार नाहीं. शेळीनें रवंथ थांबविला म्हणजे तो तिला आणखी चारा घालीत बसत नाहीं. तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवून आंत हालचाल आहे कीं नाहीं, तें आधीं पाहतो.