देवाचा गाव, शब्दशः

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची अनुमती, मिळाला की माणसं घरांना कड्या घालतात, गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या बरोबर घेतात आणि वेशीबाहेर राहुट्या उभारतात. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, बाजारपेठ सामसूम. गावातली मुस्लिम घरंही बाहेर पडतात. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही रीत आहे. गाव देवाचा, मग कधीतरी तो त्याच्या एकट्याच्या ताब्यात द्यायला नको का, असा त्यामागचा साधा हिशेब.

‘गाव देवाचा’ हे कोकणात सगळेच म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते म्हणण्यापुरतं राहतं. आचरेकरांनी ते अंगावर घेतलं.

नेमका हाच शब्दप्रयोग सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी मीमांसक शबरस्वामींनी तपासला होता. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, वेदाचे कडवे अभिमानी. तरीही त्यातलं प्रत्येक वाक्य शब्दशः घ्यावं, असं ते मानत नसत. यज्ञाचा खांब म्हणजे सूर्यच, असं वचन आलं की ते त्याला खांबाची स्तुती समजत. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील भाष्याच्या नवव्या अध्यायात शबर म्हणतात, की ‘देवाचं गाव’, ‘देवाचं शेत’ हे केवळ लाक्षणिक बोलणं आहे. ज्याचा विनियोग आपल्या इच्छेनुसार करता येतो ते आपलं. देवता तर गावाचा असा काहीच विनियोग करत नाही. त्या उत्पन्नावर पोट चालतं ते देवाच्या सेवेकऱ्यांचं. वेद प्रमाण मानणाऱ्याने इतकं रोखठोक लिहावं, याचं आजही नवल वाटतं.

हे भाष्य थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. योगेंद्रनाथ नस्कर खटल्यात 1969 साली प्रश्न होता, देवाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागतो का? न्यायमूर्ती रामस्वामी यांनी शबरांचा दाखला दिला, देवाची मालकी लाक्षणिकच असल्याचं मान्य केलं, आणि तरीही कायद्याच्या नजरेत देवता ही व्यक्ती असल्याने कर लागू ठरवला. मालकी लाक्षणिक, कर मात्र रोख रकमेत.

शबरांची कसोटी आचऱ्याला लावली तर वेगळंच दिसतं. तीन दिवस सरले म्हणून कुणी आपणहून परतत नाही. परतण्यासाठी पुन्हा कौल घ्यावा लागतो. तो मिळाला तरच गाव भरतो, नाहीतर मुक्काम वाढतो. घर कधी सोडायचं आणि कधी उघडायचं, हे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस ठरवत नाही. कौल खरोखर देवाचा की माणसांचा, हा वाद चालू राहो. पण त्या तीन दिवसांपुरतं जमीनदार आणि कूळ एकाच माळावर, सारख्याच झावळांखाली झोपतात, हे ‘गाव देवाचा’ या शब्दांचं सर्वांत प्रामाणिक वाचन आहे.

याच रीतीला चिकटलेलं दुसरं शब्दशः वाचन मात्र घातक आहे: मागे राहिलेल्याला भुतं धरतात, त्याचं वाईट होतं. त्या भीतीपोटी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला थंडीत माळावर काढणं कोणत्याही कौलाने समर्थनीय ठरत नाही. अशा घरांना मुभा देण्याचा निर्णय मानकऱ्यांनी देवळात, सर्वांसमोर जाहीर करावा.