गाडी तुझी, वेळापत्रक एसटीचं

जिंतूर

चि. बाळास,


ताईचा फोन आला होता. तू गाडी घेतलीस आणि आता बोरीहून परभणीला रोज तिनेच जाणार, हे कळलं. रिकाम्या जागांवर गावातली माणसं घ्यायची, हाही तुझा विचार चांगला आहे. फक्त कुणाला आणि कोणत्या वेळी घ्यायचं, ते आधी नीट ठरव.

बोरीला रेल्वे नाही, जिंतूरलाही नाही. मुंबई असो की हैदराबाद, आधी परभणी स्टेशन गाठावं लागतं. दिवसा ते अवघड नाही. एसटी असते, काळी-पिवळी असते. हाल होतात ते पहाटे आणि रात्री. रेल्वे लेट झाली, शेवटची एसटी निघून गेली, की माणूस स्टेशनबाहेर अडकतो. ऑटोवाला ‘स्पेशल’चे जे पैसे सांगतो, ते ऐकून बाया पुन्हा आत फिरतात आणि पिशवी उशाला घेऊन उजाडायची वाट बघतात. लेकरू मांडीवर, आणि रात्रभर बॅगेवर एक हात. तुझ्या गाडीची गरज या लोकांना आहे. तुला ऑफिसातून निघायला उशीर होणार असेल तेव्हा दुपारीच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक: अमुक वाजता परभणीहून निघतोय, तीन जागा आहेत. कुणाला पहाटेची गाडी धरायची असेल आणि तुला लवकर निघणं जमत असेल, तर त्याला थेट स्टेशनवर सोड.

पण सकाळी एसटीच्या वेळेला थांब्यावर गाडी उभी करून ‘चला, परभणी’ म्हणू नकोस. हे मी कळकळीनं सांगतोय. एसटीत फेरीचा हिशोब भारमानावर, म्हणजे बस किती भरते त्यावर होतो. तू चार नेशील, तुझं बघून दुसरा चार नेईल आणि कागदावर ती फेरी तोट्यात दिसायला लागेल. मग ती एक दिवस बंद होते. बंद झालेली फेरी पुन्हा सुरू करून घ्यायला किती खेटे घालावे लागतात, ते आपल्या भागातल्या कुठल्याही सरपंचाला विचार. गाडीवाल्यांचं काही अडत नाही. अडतं ते पास काढून शाळेला जाणाऱ्या मुलींचं. बस बंद झाली की घरचे म्हणतात, राहू दे आता शिक्षण. २०२१च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात गावोगावी काय झालं, ते तू पाहिलंच आहेस.

पैशाचं गणितही बघ. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे. दवाखान्याला निघालेल्या म्हातारीला लालपरीच परवडते. तिला थांब्यापर्यंत सोड, बस आली की हाताला धरून वर चढव. तेवढी मदत पुरे आहे.

आणखी एक, भाडं घेऊ नकोस. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्यानं माणसं नेणं परवान्याशिवाय कायद्यात बसत नाही. उद्या अपघात झाला आणि पैसे घेतल्याचं निघालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. घरगुती गाडीच्या विम्यात भाड्याची वाहतूक धरलेली नसते. ओळखीचीच माणसं घे, सीट असतील तेवढीच घे. बाई एकटी असेल तर निघताना तिला घरी एक फोन करायला लाव. संकोच वाटतो म्हणून हे टाळू नकोस. सगळ्यांच्याच जिवाला त्याने बरं वाटतं.

आता एक काम तुझ्यावर सोपवतो. ग्रुपमध्ये महिनाभर नोंद ठेव: किती जण कोणत्या वेळेला अडकले, कोणत्या रेल्वेनं आले होते, बस किती मिनिटांनी चुकली. नुसती तक्रार केली तर साहेब ऐकून घेतात आणि विसरतात; तारीख-वेळ लिहिलेला कागद बाजूला सारणं त्यांना जड जातं. रात्रीच्या रेल्वेला जुळणारी एक फेरी बोरीमार्गे मिळावी, असा अर्ज त्यावरून जिंतूर आगारात देता येईल. ती फेरी सुरू झाली की त्या वेळेला तूही गाडी घरी ठेवून एसटीनंच ये.

अर्ज लिहायला घे. सह्यांना सुरुवात माझ्यापासून कर.

तुझा,
मामा