न घडलेल्या अपघाताचे पुण्य

परवा भाच्याचा जर्मनीहून फोन आला. फराळाचा डबा पोचल्याचे सांगायला त्याने फोन केला होता, पण बोलता बोलता म्हणाला, "मामा, आजचा सुटीचा सगळा दिवस टायर बदलण्यात गेला."

त्याच्याकडे एक मोटारहोम आहे. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, सारे काही असते. सुटी लागली की बायकोमुलांना घेऊन तो त्यातून निघतो. थंडी आली की तिकडे उन्हाळी टायर काढून हिवाळी टायर चढवतात. ऑक्टोबर ते ईस्टर, असा लोकांचा ढोबळ हिशेब.

मी विचारले, "जुने टायर झिजले होते का रे?"

"नाही मामा, चांगले आहेत."

"मग बर्फ पडला?"

"तोही नाही अजून."

चांगले टायर आणि कोरडा रस्ता असताना दिवसभर अंगणात कंबर मोडून घ्यायची, याची आम्हां लोहारेकरांना गंमतच वाटणार. पण त्याने कारण सांगितले. हवा साताठ अंशांच्या खाली उतरली की उन्हाळी टायरचे रबर ताठरते आणि रस्ता धरीत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. तिकडे तर 2010 पासून कायदाच आहे, की बर्फाळ रस्त्यावर तसले टायर असल्याशिवाय गाडी काढायची नाही. चाकांना अडसर लावायचा, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, आणि पन्नासएक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. हे सारे तो सांगत होता, आणि माझे मन मात्र आमच्या गावच्या भात्यापाशी जाऊन बसले होते.

लोहारा हे नाव घेताच ऐरणीची आठवण व्हावी, हे साहजिकच आहे. माझ्या लहानपणी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. त्या चाकालाही ऋतू कळे. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसे आणि धाव ढिली पडे. मग ती काढून, कापून, लहान करून पुन्हा बसवावी लागे. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल झाली की दोघे-तिघे लांब सांडशांनी ती उचलीत, चाकावर घालीत आणि वरून पाणी ओतीत. चर्र आवाज होई, वाफेत माणसे दिसेनाशी होत, आणि निवता निवता ते लोखंड लाकडाला असे आवळून धरी, की पुन्हा ढिले पडायला दुसरा उन्हाळा उजाडावा लागे.

अशाच एका वैशाखात वडील ढिले चाक घेऊन लोहाराकडे गेले. मी बरोबर होतो. पैशांची ओढ होती. वडील म्हणाले, "पाचर ठोकून एवढा हंगाम निघेल का?"

म्हातारा लोहार चाकावर हात फिरवीत म्हणाला, "निघंल की. पन गाडीत काय न्यायचंय, ते सांगा."

"उमरग्याला लग्न आहे. घरची माणसं, पोरंबाळं."

"मग न्हाई निघायचं," तो म्हणाला. "कडबा न्यायचा असता तर पाचर चालली असती."

धाव बसवली गेली. लग्नाला गेलो, आलो, काही झाले नाही. पुढे कित्येक वर्षे वडील हसत म्हणत, "पाचरेवरही गेलो असतो की!" याला उत्तर काय द्यावे, हे मला तेव्हा कळत नव्हते. खरे म्हणजे याला उत्तर नाहीच. बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्याचे पुण्य साऱ्या गावाला दिसते. पण विहिरीला कठडा बांधणाऱ्याने किती जणांना वाचवले, हे कोण सांगणार? सावधपणाचे फळ म्हणजे काही न घडणे. आणि जे घडलेच नाही, त्याचा पुरावा द्यायचा कसा? म्हणून हे कर्म आभाराची वाट न पाहताच करावे लागते.

पण एवढ्यावर थांबलो, तर मी सुखवस्तू माणसाचा उपदेश केला असे होईल. आमच्या जिल्ह्यातून दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. तीही चाकांवरची घरेच. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि वर झोपलेली लेकरे. एका वर्षी अशाच एका ट्रॉलीचा गुळगुळीत झालेला टायर पाहून मी शहाणपणाने म्हणालो, "हा बदलायला हवा." त्यातला बाप शांतपणे म्हणाला, "कळतं गुरुजी. पन उचल तर कवाच सरली."

मी गप्प झालो. त्याला धोका माझ्याइतकाच दिसत होता. लेकरेही त्याचीच होती. उणीव दूरदृष्टीची नव्हती, पैशांची होती. मग दोष त्याचा म्हणावा का? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने याच टापूत, आमच्या सास्तूरलाही, दगडमातीच्या जड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. भिंती जड का बांधल्या, असे त्या माणसांना कोण विचारील? जवळ होते त्यातून त्यांनी घर उभे केले होते.

तेव्हा लोहाराचा तो प्रश्न चाकाच्या मालकापाशी थांबत नाही, असे मला आता वाटते. गाडीत कोण बसणार आहे, हे गाडी धाडणाऱ्याने विचारायचे, उचल देणाऱ्याने विचारायचे, आणि त्या उसाची साखर दिवाळीच्या करंजीत घालणाऱ्या तुम्ही-आम्हीही विचारायचे. माझ्या भाच्याच्या मागे कायदा आहे आणि खिशात पैसेही आहेत. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याच्या टायरचा भार साऱ्यांनी मिळून उचलायला नको का? त्या दिवशी मी सल्ला दिला, पैसे दिले नाहीत, ही बोच अजून आहे.

काल भाच्याचा पुन्हा फोन आला. डोंगरातून सारी सुखरूप परतली होती. मी विचारले, "प्रवास कसा झाला?"

"विशेष काही नाही, मामा," तो म्हणाला.

इतकी गोड बातमी या दिवाळीत मी दुसरी ऐकली नाही.