दुखणं सोसावं की औषध घ्यावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पारायणाचा सप्ताह जवळ आला की आपल्यातल्या अनेक ज्येष्ठांना आधी चिंता लागते ती गुडघ्यांची. मांडी घालून बसता येईल का? बसलो तर उठता येईल का? खुर्चीवर बसून वाचलं तर चालेल का? बेळगाव असो, इंदूर असो, बडोदा की हैदराबाद, घरोघरी हीच कुजबुज. आणि त्यामागे एक मोठा प्रश्न असतो, जो सहसा कोणी उघड विचारत नाही. संधिवात हा प्रारब्धाचा भोग असेल तर तो सोसूनच संपवायचा ना? मग गोळी घेतली तर आपली श्रद्धा कमी पडली असं होतं का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण सोसण्याच्या बाजूने शास्त्राचा आधार आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की शीत-उष्ण, सुख-दुःख येतात आणि जातात, ती सहन कर. विवेकचूडामणीत तर तितिक्षेची व्याख्या याहून कडक आहे. दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं म्हणजे तितिक्षा, असं तिथे म्हटलं आहे.

पण ही व्याख्या पूर्ण वाचायला हवी. तिथे नुसतं 'उपाय करू नका' एवढंच नाही, चिंताही नको आणि रडगाणंही नको. शिवाय तो उपदेश सर्व सोडून ज्ञानाच्या मागे लागलेल्या मुमुक्षूला आहे. आपण संसारी माणसं. आपल्यापैकी जो गोळी घेत नाही, पण रात्रभर कण्हतो, सकाळी सुनेवर चिडतो आणि मनात सतत 'आता पुढे माझं कसं होणार' हेच घोळवतो, त्याने प्रतिकार तेवढा सोडला, चिंता आणि विलाप मात्र जवळच ठेवले. त्याला तितिक्षा म्हणता येणार नाही. ते नुसतं दुखणं अंगावर काढणं झालं.

आता आपण जो ग्रंथ दरवर्षी वाचतो, त्याकडेच पाहू. गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण येतो. वेदना इतकी असह्य की तो गोदावरीत जीव द्यायला निघालेला असतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला बोलावून घेतात. आत्महत्या हे पाप आहे हे समजावतात. आणि 'हा तुझा भोग आहे, भोग' असं म्हणून त्याला परत पाठवत नाहीत. औषध देतो म्हणतात आणि सायंदेवाच्या घरी त्याला पोटभर जेवू घालतात. वर्षानुवर्षं आपण हा अध्याय वाचतो, पण गुरूंनी तिथे वेदनेचं कौतुक केलेलं नाही, वेदना दूर केली आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

प्रारब्धाचंही तसंच. भूकही देहाबरोबरच आली, पण म्हणून आपण चूल पेटवायची थांबवत नाही. दुखणं प्रारब्धाने आलं असेल, तर जवळ वैद्य असणं, औषध मिळणं, दवाखान्यात नेणारा मुलगा असणं हेही प्रारब्धातच नाही का? देणाऱ्याचा एक हात मानायचा आणि दुसरा झिडकारायचा, हे काही बरोबर नाही.

मग तितिक्षा कुठे लागते? आम्हाला वाटतं, योग्य उपाय करूनही जे उरतं, तिथे. गुडघ्यातली झिजलेली गादी औषधाने पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. उपचारांनी दुखणं कमी होतं, पण थोडं राहतंच. त्या उरलेल्या दुखण्यासह जपाला बसायचं, हसून बोलायचं, ही खरी साधना. श्रीरमण महर्षींच्या हातावरच्या गाठीवर 1949 साली चार वेळा शस्त्रक्रिया झाली. त्यांनी डॉक्टरांना ती करू दिली, आणि त्या काळातही भक्तांना दर्शन देणं सुरू ठेवलं. उपचार आणि शांती एकाच ठिकाणी नांदू शकतात, एवढं तरी यातून दिसतं.

सोसण्याआधी आपण नक्की काय सोसतो आहोत हेही कळायला हवं. वयाने सांध्यांची झीज होते, तेव्हा चाललं, जिना चढला की दुखतं आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. आमवात वेगळा. त्यात दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात आणि सकाळी तासाहून अधिक वेळ आखडलेली राहतात. इथे 'सोसू थोडं' म्हणत महिने घालवले तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. वेळेवर औषध सुरू झालं तर ते बरंच टळतं. म्हणजे इथे न सोसणं हाच धर्म.

घरगुती आणि नैसर्गिक उपायांनाही विवेक लागतो. झिजेच्या दुखण्यात शेक, तिळाच्या तेलाचं हलकं मर्दन, खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्याचा रोजचा व्यायाम यांनी आराम पडतो. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पण आमवातात आम असताना आयुर्वेदही तेल चोळू नका म्हणतो, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगतो. 'नैसर्गिक' म्हणून बिनलेबलाची पुडी मात्र घेऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. दोन दिवसांत उड्या मारायला लावणारी पुडी पुढे साखर वाढवते, हाडं ठिसूळ करते. जे आधीपासून घेत असतील त्यांनी ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी, कारण अचानक थांबवणंही धोक्याचं असतं.

गोळ्यांच्या बाबतीतही हेच. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी महिनोन् महिने घेतली तर पोटात जखम होऊ शकते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या लहानांनी आजी-आजोबांच्या डबीवर वार लिहून द्यावा, ही सेवाच आहे.

शेवटी कुटुंबांसाठी एक विनंती. सोसणं हे व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं, दुसऱ्यावर लादायचं नसतं. 'आई, या वयात दुखायचंच, नाम घे' असं म्हणून आपण वर्तमानपत्र उघडत असू, तर तो उपदेश नाही, टाळाटाळ आहे. आईने नाम घ्यावं, मुलाने डॉक्टरांची वेळ घ्यावी. सहनशीलता स्वतःसाठी आणि करुणा दुसऱ्यासाठी, अशी वाटणी ठेवली तर चूक होणार नाही.

आणि खुर्चीचं विचाराल तर, खुशाल खुर्चीवर बसा. पाठ ताठ, पोथी समोर, मन ओवीत. घरच्यांनी ती खुर्ची आधीच मांडून ठेवावी, म्हणजे ज्येष्ठांना मागावी लागणार नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏