नावाचे ऋण

1919 साली नेल्सन ॲनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाने एका इवल्याशा बेडकाचे बारसे केले आणि नाव ठेवले ‘बॉम्बेएन्सिस’, म्हणजे मुंबईचा! वास्तविक तो सापडला होता गोव्याच्या सीमेलगत, कॅसलरॉकच्या रानात. तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता, एवढाच काय तो संबंध. आज कॅसलरॉक कर्नाटकात आहे, इलाखा केव्हाच इतिहासजमा झाला. नाव मात्र राहिले.

सह्याद्रीच्या ओल्या रानातील झुडपे हे त्याचे घर. त्याच्या कुळात अंड्यातून शेपटीवाले पिल्लू निघत नाही. थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. त्यामुळे त्याला तळे नको, पण सावली आणि ओलावा हवाच. रान तुटले, की तेही गेले.

अंधेरी-मुलुंडला राहणाऱ्या आपणांस त्याचे काय? तो आपल्या उपयोगाचा नाही. बहुधा कधी दिसणारही नाही. मग आपण त्याचे काही देणे लागतो का? व्यवहार म्हणेल, नाही. परंतु बाळाचे नाव ठेवणारी आत्या त्याच्या उपयोगाचा हिशेब करीत नाही. नाव ठेवणे म्हणजे दुसऱ्याचे असणे मान्य करणे. आणि असणे मान्य केले, की त्याची जागाही मान्य करावी लागते.

कोणी म्हणेल, मग बिननावाच्या जिवांचे काय? त्यांचेही देणे आहेच. नावाने ऋण निर्माण होत नाही. ते फक्त वहीत चढते. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.