खिळा आणि कळी

‘युरोपने मसाले नेले, आणि त्यांची नावेही आपलीच नेली’ असे कुणी व्यासपीठावरून म्हणाले की टाळ्या पडतात. मला ते वाक्य सलत राहते. दाखला ठरलेला असतो: पिप्पलीचे ग्रीकांनी पेपेरी केले, लॅटिनने पिपेर, त्यातून मिऱ्याची जर्मन फेफर आणि फ्रेंच प्वाव्र ही नावे निघाली. हे खरे आहे आणि एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. पण एका मिऱ्यावरून सगळ्या मिसळणाच्या डब्याचा निकाल कसा लावायचा? त्याच डब्यातली लवंग घ्या.

परक्या वस्तूला नाव दोन वाटांनी मिळते. एक मालाबरोबर येते, दुसरे माल पाहून ठेवले जाते. मिऱ्याचे नाव मालाबरोबर गेले. लवंगेत मात्र युरोपच्या बऱ्याच भाषांना खिळा दिसला. लॅटिनमध्ये खिळा म्हणजे क्लावुस; त्यावरून फ्रेंच क्लू, स्पॅनिश क्लाव्हो आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी क्लोव्ह. जर्मन नेल्केच्या मुळाशी छोटा खिळाच आहे. डच लोक लवंगेला ‘मसाल्याचा खिळा’ म्हणतात, आणि रशियन ग्वोझ्दिकामधला ग्वोझ्द म्हणजेही खिळा.

लवंग तळहातावर घेऊन पाहावी. खाली निमुळता दांडा, वर चार दाते आणि त्यांच्यामध्ये बसलेले बोंड. लोहाराने घडवलेला जुना खिळा साधारण असाच दिसतो. बोंड नखाने सोलले की आत घट्ट मिटलेल्या पाकळ्या आणि केसर सापडतात, कारण लवंग ही न उमललेली कळी आहे. खिळा म्हणणाऱ्यांनी वस्तू नीट निरखली होती. झाड मात्र त्यांच्यापासून फार दूर होते.

पुढे कार्नेशनच्या फुलाला लवंगेसारखा वास येतो म्हणून अनेक भाषांनी लवंगेचेच नाव त्या फुलाला दिले. पोर्तुगीजमध्ये दोन्हींना क्राव्हो म्हणतात. 25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी ही फुले खोवली, आणि त्या क्रांतीला त्यांचेच नाव पडले. हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. गोव्याच्या इतिहासात लवंगेचे नाव असे आडवाटेने येऊन पोचले आहे.

आता त्या व्यासपीठावरच्या अभिमानाकडे वळतो. त्याचा आग्रह श्रेयाचा आहे. पोर्तुगीजांनी ते दिलेही: लवंगेला ते क्राव्हो-दा-इंडिया, म्हणजे ‘इंडियाची लवंग’ म्हणतात. पण लवंगेचे मूळ झाड इंडोनेशियातल्या मलुकू बेटांचे, तेर्नाते-तिदोरेचे. कालिदासाला तरी ती परदेशची असल्याचे माहीत होते. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात वारा लवंगेची फुले दुसऱ्या द्वीपांहून घेऊन येतो. मग इंडियाच्या नावे लागलेले हे श्रेय आपण कोणत्या तोंडाने स्वीकारायचे?

शिवाय आपण तरी काय केले? अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांनी तिखट फळ आणले, तेव्हा मिऱ्यावरून त्याला आपण मिरची म्हटले. स्पॅनिश लोकांनीही पिमिएंता या मिऱ्याच्या नावावरून पिमिएंतो केले होते. मिरचीची एक बारीक, जहाल जात दिसली तेव्हा तिला आपण लवंगी म्हटले. अमेरिकेच्या नावाची खूण या दोन्ही शब्दांत नाही, आणि त्याबद्दल कुणी आपल्याला चोर म्हणत नाही, म्हणूही नये.

मालाबरोबर आलेले नाव प्रामाणिक आणि पाहून ठेवलेले नाव उपरे, असे मी धरून चाललो होतो. लवंग ही मांडणी टिकू देत नाही. पहिले नाव माल पोचल्याची पावती देते, दुसरे कुणीतरी तो लक्ष देऊन पाहिल्याची साक्ष देते. दोन्ही नावे घेणाऱ्याच्या बाजूची आहेत. सतराव्या शतकात भाव चढे राहावेत म्हणून डच कंपनीने मलुकूतल्या बेटांवरची लवंगेची झाडे तोडायला लावली, ती लावणाऱ्यांची उपजीविका त्यात बुडाली, आणि क्लोव्ह, नेल्के, ग्वोझ्दिका यांतल्या एकाही शब्दावर त्याचा ओरखडा उठला नाही. म्हणून शब्द कुणाचा यावर भांडण्यात मला आता रस उरलेला नाही. पीक कुणाचे होते आणि त्याचा मोबदला कुणाला मिळाला, हे विचारायला हवे. आणि त्याचे उत्तर शब्दकोशात सापडणार नाही, ते बंदरांच्या आणि कंपन्यांच्या हिशेबवह्यांत शोधावे लागेल.