पोळा झाल्यावर

आमच्या खान्देशात शेतकऱ्याला उपकार मानायला दिवसांची कमी नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. श्रावणी अमावस्येला बैलांचा पोळा. दिवाळीच्या तोंडावर वसुबारस, ती गाईवासराची. उन्हाळ्यात आखाजी, ती पितरांची. म्हसावदच्या वरच्या अंगाला सातपुडा सुरू होतो. तिथले भिल्ल आणि पावरा लोक वाघदेवाला पुजतात, आणि शेतातलं नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. डोंगरात काय आणि सपाटीवर काय, घास घेण्याआधी कुणाचं तरी नाव घ्यायचं ही रीत सगळीकडे आहे.

मी दहावीपर्यंत शिकलो. मोठी पुस्तकं काही वाचायला मिळाली नाहीत. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक प्रश्न मला दर साली पडतो. काल ज्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली, त्याच्याच पाठीवर आज चाबूक ओढला, तर काल आपण केलं ते काय? उपकार मानले, का फेडून मोकळे झालो?

सणाचं असं होऊ शकतं. पावती फाडली की देणं संपलं, तसं वाटायला लागतं. बैल बिचारा तक्रार करत नाही. पितर उठून विचारत नाहीत. देवही समोर येऊन हिशोब मागत नाही. जो मागत नाही त्याचे आभार मानायला फार सोपं जातं. खरी परीक्षा मागणाऱ्यापुढे होते, आणि मागणारा असतो माणूस.

आखाजीला आमच्याकडे दोन गोष्टी एकाच दिवशी येतात. घरात पितरांची घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. आणि त्याच दिवशी सालदाराचं साल संपतं. वर्षाचं ठरलेलं धान्य, पैसे, कपडा, जोडा, आणि त्यातून घेतलेली उचल वजा, असा हिशोब ओट्यावर बसून व्हायचा. आमच्या लहानपणी एक भिल्ल सालदार होता. आम्ही पोरं त्याला काका म्हणायचो. सणाचा दिवस म्हणून तो पाया पडेल असं वडिलांना वाटलं असावं. तो उभाच राहिला आणि म्हणाला, "आप्पा, आधी हिशोब करा. पाया मंग पडतो."

घरातल्या काहींना ते उद्धट वाटलं. "वर्षभर आपलं खाल्लं आणि बोलतो कसा!" असं कुणीतरी म्हणालं. वडील मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी वही काढली. त्याचं बोलणं मला कळायला बरीच वर्षं लागली. आधी पाया पडला असता तर हिशोबात चूक निघाल्यावर त्याला तोंड उघडता आलं नसतं. वाकलेल्या माणसाला भांडता येत नाही.

हे एका घरापुरतं नव्हतं. त्या काळात शहादा-तळोदा भागात, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, हाच प्रश्न रस्त्यावर आला होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे आदिवासी उभे राहिले, १९७२ साली श्रमिक संघटना झाली. सालदारांची मजुरी आणि हातातून गेलेल्या जमिनी ही त्यांची मागणी होती. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ सालचा कायदा आला. तेव्हा मोठ्या शेतकऱ्यांच्या तोंडी एक शब्द सारखा यायचा, "उपकार विसरले." दुष्काळात आम्ही दाणे दिले, लग्नाला उचल दिली, आणि आता हे मोर्चे काढतात. दाणे दिले हे खरं होतं. पण ज्याच्या श्रमावर कोठार भरलं, त्यालाच त्या कोठारातलं देऊन उपकार म्हणायचं, हे मला आज पटत नाही. दुसऱ्याकडून मागून घेतलेली कृतज्ञता ही वेसणच. नाकात घातली की माणूस ओढला जातो.

मग मजुरी चुकती केली की संपलं का? तसंही नाही. आमच्याकडे शेताची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. अंधारात पाणी धरायला जाणाऱ्याच्या पायाखाली काय येईल सांगता येत नाही. दांड फुटला तर तो स्वतःहून थांबतो, कुणी सांगितलेलं नसतं. ते कुठल्या रोजात बसतं? ठरलेलं दिल्यानंतर जे उरतं, ज्याचा भाव करता येत नाही, तिथून आभार सुरू होतात. हक्काचं थकवून हार घातला तर ती फसवणूक. हक्काचं देऊन तोंड फिरवलं तर तो नुसता व्यवहार.

आता बैल कमी झाले. पोळ्याला लोक ट्रॅक्टर धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. त्याला मी हसत नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत. पण ट्रॅक्टरला नारळ फुटतो आणि त्यावर रात्रभर बसलेल्या ड्रायव्हरचा मागचा पगार राहिलेला असतो, असंही मी पाहिलं आहे. लोखंडाला हार आणि माणसाला तारीख.

आमच्या मायनं आम्हांला याबद्दल उपदेश असा केला नाही. तिचा एक नेम होता. निंदणीच्या बायांचे पैसे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात पडले पाहिजेत, बाजाराच्या दिवशी दुपारी नाही. "त्यांना सकाळी तेल-मीठ घ्यायचंय, त्या तुझी वाट पाहत बसतील का?" असं ती वडिलांना म्हणायची. सणाला ती फार काही बोलल्याचं आठवत नाही. तो नेम मात्र मोडला नाही.

जमिनीचंही तसंच आहे. पेरणीला तिफणीला कुंकू लावतो, ते लावावंच. पण केळी, पपई, ऊस घेत राहायचं आणि शेणखताची गाडी टाकायची नाही, तर ते कुंकू कोरडंच. विहिरीला नारळ वाहायचा आणि पाणी गरजेपेक्षा जास्त सोडायचं, हेही तसंच. म्हातारा झालेला बैल तर सगळ्यांत अवघड. दुष्काळात कडबा विकत घेऊन त्याला घालायचा म्हणजे घरातल्याच्या ताटातलं काढायचं. ज्याला ते जमलं नाही त्याला मी नावं ठेवणार नाही. पण उपकार मानायला खर्च येतो, हे तिथं समजतं.

म्हणून सण असावेत. ते आठवण करून देतात, नाहीतर कामाच्या धबडग्यात माणूस विसरतो. पोळ्याला बैलाच्या पाया पडा, आखाजीला पितरांची घागर भरा. त्या दिवशी फक्त घरातली वही एकदा उघडून बघा, कुणाचं काय राहिलंय ते. राहिलं असेल तर पुरणपोळी ताटात पडण्याआधी देऊन टाका. मग बैलाच्या खांद्यावर हात ठेवताना मन खाणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाबूकही जरा हलका पडेल.